वहीच्या दारातला तोतया

सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे. पाठीशी डोंगर नाही, समोर दरी नाही. सपाट माळावर दुहेरी तट, बुरूज, बाहेरून खंदक आणि पूर्वेच्या अंगाला सिद्धेश्वराचे तळे, एवढ्याच भरवशावर तो शतकानुशतके उभा राहिला. लग्नातले आंदण म्हणून हा किल्ला द्यायचा की नाही, यावरून आदिलशाही आणि निजामशाही एकमेकींच्या उरावर बसल्या. पुढे १८१८ च्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेने वेढा घालून तो घेतला आणि इकडची पेशवाई आटोपली. शाळेतली मुले घेऊन मी किल्ल्यावर जातो, तेव्हा एखादे चौकस पोर हमखास विचारते, "सर, एवढा खंदक खणला, मग दरवाजा ठेवलाच कशाला? तेवढा नसता तर किल्ला कुणाला घेताच आला नसता!"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दरवाजा नसता, तर शत्रू आत आला नसता हे खरे. पण दाणागोटाही आला नसता. ज्या किल्ल्यात धान्य जात नाही आणि ज्यातून हुकूम बाहेर पडत नाही, तो किल्ला नव्हे, ती समाधी. म्हणून किल्ला बांधणाऱ्याची खरी अक्कल तटाच्या उंचीत दिसत नाही. ती दिसते दरवाजाच्या मांडणीत. वाट वळवून आणायची, एका दारामागे दुसरे दार ठेवायचे, आणि आत येणाऱ्याला दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या माणसांनी विचारायचे, "कोण आहेस?"

आज हाच प्रश्न दगडी किल्ल्यांपुढे उरलेला नाही. तो संगणकापुढे आहे. बँकेतली आपली शिल्लक, शेताचा सातबारा, इस्पितळातला आजाराचा कागद, कारखान्यातल्या यंत्राची कळ, सारे संगणकात जाऊन बसले आहे. तो संगणक एकटा एका खोलीत ठेवावा, तर त्याचा उपयोग खोलीपुरता. तो जगाच्या जाळ्याला जोडावा, तर जगातला कुणीही त्याच्या दाराशी येऊन उभा राहणार. जोडावे की न जोडावे? इतिहासाची आवड असलेला मी एक मॅट्रिक मास्तर. यंत्राच्या पोटात काय चालते ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्यातली निम्मी पाने आपल्याच घरातली आहेत. ती उलगडून दाखवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रारंभ वहीपासून करू. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या मंगळवार पेठेत आणि चाटी गल्लीत आजही नव्या वहीला हळदकुंकू लागते. गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी आली, तरी पाटावर पूजेला बसते ती वहीच. यात नुसती रूढी नाही. रोजकीर्द आणि खतावणी हे पेढीचे सर्वांत नाजूक मर्म होते. कोणाचे किती येणे, कोणाला किती देणे, कोणता सावकार आतून पोखरला आहे आणि कोणाच्या घरचे दागिने गहाण आहेत, हे सारे त्या लाल कापडाच्या बासनात असे. ते मोडीत लिहिलेले असे, रात्री कुलपात जाई आणि मुनिमावाचून कोणी ते उघडत नसे. वही एकटी होती, म्हणून सुरक्षित होती.

पण व्यापार एका गावात मावत नाही. सोलापूरचा माल पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस जायचा म्हणजे एका पेढीची वही दुसऱ्या पेढीच्या वहीला कोणत्या तरी धाग्याने जोडली पाहिजे. तो धागा म्हणजे हुंडी. एक कागद, त्यावर लिहिलेले की हा आणील त्याला अमुक रक्कम द्यावी. आता विचार करा, वाचकहो, परगावच्या एका कागदाच्या विश्वासावर पेढीवाला तिजोरीतून हजार रुपये काढून देई, तो काय भोळा होता म्हणून?

मुळीच नव्हे. त्याने त्या एका कागदाभोवती किती चौक्या बसवल्या होत्या ते पाहा. रक्कम नुसती आकड्यात नसे. अक्षरी असे, आणि वर 'निमे रुपये पाचशेचे दुप्पट एक हजार' अशी फोड असे, म्हणजे एखादे शून्य वाढवून भागत नसे. 'शाहजोग' हुंडी कोणा वाटसरूच्या हातात पैसे देत नसे; बाजारात ज्याची पत आहे अशा शाहूच्या मार्फतच ती वटे. मूळ हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' आणि तीही गेली तर 'परपेठ' निघे, आणि एक वटली की बाकीच्या रद्द. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हुंडी लिहिणारा पेढीवाला ज्याच्यावर हुंडी केली त्याला वेगळे पत्र धाडून कळवी की अमुक मितीस, अमुक रकमेची हुंडी तुमच्यावर केली आहे. हुंडी एका वाटेने येई, सूचना दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळल्या तरच तिजोरीचे कुलूप उघडे. वाटेत एका जासुदाला लुटले किंवा फितवले, तरी दुसरा उरतोच. वही जगाला जोडण्याची ही जुनी रीत होती आणि तिचे सूत्र एकच: दाराशी आलेला जे सांगतो, ते त्याच्याच तोंडून खरे मानायचे नाही.

हे सूत्र विसरले की काय होते, याचा धडा मराठी राज्याने एकदा चांगलाच घेतला. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले. पण देह निःसंशय ओळखला गेला नाही, अशी कुजबुज राहिली आणि त्या कुजबुजीतून एक तोतया जन्माला आला. "मीच भाऊसाहेब" म्हणत तो पुढे झाला. चौकशीअंती खोटा ठरून कैदेत पडला. पण १७७६ साली कैदेतून सुटताच कोकणात त्याने असे काही बंड माजवले की किल्ल्यामागून किल्ला त्याच्याकडे गेला. हे किल्ले त्याने तोफा डागून पाडले काय? नाही. पुष्कळ ठिकाणी दरवाजा उघडला तो नावाने. "भाऊसाहेब आले आहेत," असा निरोप गेला आणि किल्लेदाराने किल्ल्या पुढे केल्या. तट शाबूत, खंदक शाबूत, दारूगोळा शाबूत; आणि किल्ला मात्र गेला! अखेर पुण्याच्या कारभाऱ्यांनी फौज पाठवून त्याला पकडले, भाऊंना ओळखणाऱ्या माणसांसमोर उभे करून खात्री केली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. या तोतयाला वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

तिकडे युरोपात, दूरवरच्या माणसांना जोडणारे पहिले मोठे यंत्र-जाळे विजेचे नव्हतेच. फ्रान्समध्ये टेकड्यांवर मनोरे बांधून, त्यांच्यावरचे लाकडी हात हलवून, एका मनोऱ्याने दुसऱ्याला खुणा करायच्या, अशी सरकारी संदेशांची व्यवस्था होती. खाजगी माणसाला ती बंद. पॅरिसच्या शेअरबाजारातला भाव बोर्दोला टपालगाडीने पोचायला काही दिवस लागत. ब्लांक आडनावाच्या दोघा भावांनी १८३४ साली तूर गावच्या मनोऱ्यावरचा कामगार लाच देऊन फोडला. तो सरकारी संदेशातच एक ठरलेली चुकीची खूण घुसडी आणि लगेच 'चूक दुरुस्त' अशी दुसरी खूण करी. अधिकृत मजकुरातून ती चूक गाळली जाई. पण बोर्दोच्या बाजूला दुर्बीण लावून बसलेल्या त्यांच्या माणसाला भाव चढला की उतरला ते कळून चुके. दोन वर्षे हा उद्योग बिनबोभाट चालला! उघडकीस आला तेव्हा खटला झाला. परंतु मनोऱ्यांचा असा गैरवापर करणे हा गुन्हा आहे, असे सांगणारा कायदाच नव्हता. भाऊ सुटले. जाळे आधी येते, चोर त्याच्या मागोमाग येतो, आणि कायदा सर्वांच्या शेवटी धापा टाकीत येतो, हा क्रम तेव्हापासूनचा. आपल्याकडे १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि माहिती तंत्रज्ञानाचा कायदा अमलात आला तो २००० च्या १७ ऑक्टोबरला. पाच वर्षे दार उघडे होते आणि दारावर पाटी नव्हती.

संगणक जन्माला आला तेव्हा मात्र तो वहीसारखाच एकटा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णपणे भारतीय बनावटीचा जो संगणक सुरू झाला, आणि ज्याचे पुढे 'टिफ्रॅक' असे बारसे झाले, त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एवढे धूड, पण त्याच्याशी बोलायचे तर त्याच्या खोलीत जाऊन उभे राहावे लागे. चोरी करायची तर भिंत फोडायला हवी. खंदक आपोआपच होता.

तो खंदक बुजवायला सुरुवात झाली अमेरिकेत. १९६९ साली तिथल्या संरक्षण खात्याच्या पैशाने दूरदूरच्या विद्यापीठांतले संगणक एकमेकांना जोडले गेले. ते जाळे म्हणजे आजच्या इंटरनेटचे बीज. आश्चर्य असे की धोक्याची घंटा त्याच्याही आधी वाजली होती. विलिस वेअर नावाच्या तज्ज्ञाने १९६७ सालीच बजावले होते की, निरनिराळ्या लोकांनी दुरून वापरायच्या संगणकात नाजूक माहिती ठेवाल, तर ती राखण्याची सोय आधी करा. एकट्या यंत्राचे नियम इथे पुरणार नाहीत. बजावणे ऐकले गेले; पण जोडण्याची ओढ अधिक बलवान ठरली. १९८३ साली लष्करी संगणकांचे जाळे मुख्य जाळ्यापासून वेगळे काढण्यात आले. म्हणजे बुजवलेला खंदक पुन्हा खणायला घेतला. तरीही दोन्ही बाजूंत ये-जा करायला काही पूल राहिलेच.

त्या पुलांवरून कोण जात होते, हे उजेडात आले ते एका हिशेबातल्या चुकीने. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणकाचे काम पाहत होता. संगणक कोणी किती वेळ वापरला आणि त्याचे किती पैसे झाले, याचा महिन्याचा ताळा ७५ सेंटने चुकत होता. ७५ सेंट! दुसरा कोणी असता तर 'जाऊ द्या' म्हणाला असता. पण आमच्या पेढ्यांवर एका पैशाचा मेळ बसेना म्हणून मध्यरात्रीपर्यंत दिवे जाळणारे जे दिवाणजी होऊन गेले, त्यांच्या जातीचा हा गृहस्थ निघाला. त्याने तो पाऊण डॉलर शोधत शोधत जर्मनीतले हॅनोव्हर शहर गाठले. तिथे बसून एक तरुण या प्रयोगशाळेच्या खांद्यावर पाय देऊन अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरत होता आणि मिळालेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती. तटावरच्या पहारेकऱ्यांना जे दिसले नाही, ते हिशेबनिसाला दिसले. ताळा घेण्याची सवय ही सुद्धा एक चौकीच आहे.

आता आपल्या घरची हकीकत. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, म्हणजे घटना घडली तेव्हा एकशेबारा वर्षांची. सोलापूरच्या माणसाला सहकारी बँक म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. यंत्रमागवाल्याचे कर्ज, मास्तरांची पुंजी, विधवा बाईची ठेव अशा संस्थांतच असते. २०१८ च्या ११ ऑगस्टला, एका शनिवारी, या बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती घेऊन माणसे जगातल्या २८ देशांतल्या एटीएमपुढे उभी राहिली आणि काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांत सुमारे ७८ कोटी रुपये काढून पसार झाली. देशातल्या देशात आणखी अडीच कोटी गेले. त्यांत आमच्या शेजारच्या कोल्हापूरची एटीएमही होती. रविवार मध्ये गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेतून खोटे हुकूम सोडून सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा सुमारे ९४ कोटींचा.

हे घडले कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते बँकेकडे विचारणा करते. बँकेच्या दाराशी एक गुमास्ता असतो. त्याला 'स्विच' म्हणतात. तो चिठ्ठी घेऊन आत वहीकडे जातो, शिल्लक पाहतो आणि बाहेर येऊन 'द्या' किंवा 'नको' असे सांगतो. चोरांनी वहीला हातसुद्धा लावला नाही. बँकेच्या जाळ्यात शिरून त्यांनी खऱ्या गुमास्त्याच्या जोडीला एक खोटा गुमास्ता उभा केला. त्यांच्या कार्डांची विचारणा आली की ती वहीपर्यंत जाईच ना. हा खोटा गुमास्ता दारातूनच सांगे, "द्या!" आणि रशियापासून कॅनडापर्यंत कुठलेही यंत्र त्याच्या शब्दावर नोटा मोजून देई.

ओळखलेत ना वाचकहो? हाच तो तोतया. तट शाबूत, खंदक शाबूत, वहीतली शिल्लक अक्षरशः जशीच्या तशी. म्हणूनच एकाही खातेदाराच्या खात्यातून दमडी वजा झाली नाही. ठेवी सुरक्षित आहेत, असे बँकेने सांगितले आणि ते खरे होते. नुकसान बँकेला सोसावे लागले. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या तपासयंत्रणेने जगभरच्या बँकांना गुप्त इशारा दिला होता की एटीएम लुटण्याचा असा मोठा बेत शिजतो आहे. इशारा आणि वार यांत एका रात्रीचे अंतर! पुढे पुण्याच्या न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिल्या. पण ही माणसे इथल्या इथे पैसे काढण्याच्या साखळीतली. तोतया घडवणारे हात दूर होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या चोरीचे बोट उत्तर कोरियाकडे दाखवले आहे.

याच कुळातली एक थोरली चोरी दोन वर्षे आधी शेजारच्या बांगलादेशात झाली होती. २०१६ च्या फेब्रुवारीत चोर त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या जाळ्यात शिरले आणि न्यूयॉर्कमध्ये ठेवलेल्या सरकारी पैशातून जवळजवळ ९५ कोटी डॉलर बाहेर काढण्याचे हुकूम त्यांनी सोडले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्सच्या वाटेने गडप झाले. यातल्या दोन बारीकशा गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली अशी की, त्या बँकेत प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप कागदावर छापणारे एक यंत्र होते. चोरांनी ते आधी बंद पाडले. म्हणजे हुंडीच्या मागून येणारे दुसरे पत्र त्यांनी वाटेतच अडवले! आपल्या पूर्वजांना जे पत्र महत्त्वाचे वाटत होते, ते चोरांनाही तितकेच महत्त्वाचे वाटले. दुसरी गोष्ट सांगताना मास्तर म्हणून माझी छाती थोडी फुगते. श्रीलंकेकडे जाणाऱ्या दोन कोटी डॉलरच्या हुकुमात 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चोरांनी चुकवले. वाटेतल्या एका बँकेतल्या माणसाला ते खटकले. त्याने उलट विचारणा केली, आणि पैसे वाचले. शुद्धलेखनाची किंमत काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता आकडा सांगू शकतो.

यावर कोणी म्हणेल, "मग नकोच ते जाळे. नाजूक माहितीचे संगणक पुन्हा एकटे ठेवा." काही ठिकाणी हे उत्तर बरोबर आहे आणि तसे केलेही जाते. २०१९ च्या सप्टेंबरात तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या एका संगणकात घुसखोर प्रोग्रॅम सापडला. मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा महामंडळाने ऑक्टोबरअखेर ते मान्य केले; मात्र तो संगणक कार्यालयीन कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातला होता आणि अणुभट्ट्या चालवणारी यंत्रणा त्यापासून अलग होती, असा खुलासा केला. खंदकाने आपले काम केले.

पण खंदक आहे म्हणून किल्लेदाराने झोपावे, असेही नाही. इराणमध्ये नतान्झ येथे युरेनियमवर काम करणारी यंत्रे बाहेरच्या जगापासून तोडून ठेवली होती. तरी २०१० साली उघड झाले की एक विषारी प्रोग्रॅम तिथे पोचला होता. खिशात मावणाऱ्या पेन ड्राइव्हवरून तो आत नेला गेला असावा, असे तज्ज्ञ मानतात. आत जाऊन त्याने यंत्रे नको त्या वेगाने फिरवून मोडली, आणि त्याच वेळी पाहणाऱ्यांच्या पडद्यावर 'सारे ठीक आहे' असे आधीच टिपून ठेवलेले जुने आकडे दाखवीत राहिला. पुन्हा तोच तोतया! खंदक ओलांडायला त्याला पूल लागला नाही. आतल्याच कोणाच्या तरी खिशाची पालखी पुरली.

आणि जोडणीचे काय काय होते, याची एक गमतीदार बाजूही आहे. २०१७ च्या २७ जूनला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅममधून सुटलेला विषाणू जगभर पसरला आणि मर्स्क या बड्या जहाज कंपनीचे संगणक एकामागून एक काळे पडले. त्याचा फटका थेट आमच्या न्हावाशेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या धक्क्याला बसला आणि तिथले काम ठप्प झाले. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात ते मुंबईकडच्या बंदरांतूनच. युक्रेनमधल्या एका वहीला लागलेली कीड पाहता पाहता आपल्या अंगणाशी पोचली. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची सूची राखणाऱ्या यंत्रांच्या जगभरच्या प्रती नष्ट झाल्या होत्या. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून सुटला होता! भारनियमनाला शिव्या देण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्या आम्हा मराठी माणसांनी या गोष्टीची अवश्य नोंद घ्यावी. दैवयोगाने जे झाले ते शहाण्याने ठरवून करावे: प्रत्येक मोलाच्या वहीची एक प्रत जाळ्याबाहेर, दूर, एकटी ठेवलेली असावी. पेठ आणि परपेठ काढणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

मग या साऱ्या इतिहासातून हाती काय येते? मला तरी असे दिसते की 'जोडावे की न जोडावे' हा प्रश्न जसा विचारला जातो तसा तो अपुरा आहे. २०१६ साली स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नावांत सोलापूरचे नाव आले. तेव्हापासून आपल्याकडे सारे काही जोडण्याची हौस आहे आणि ती सगळीच वाईट नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात दिवस मोडणारा शेतकरी आता तो घरबसल्या काढतो. त्याला परत रांगेत उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दरवाजा हवाच. पण कोणती वही दाराशी ठेवायची आणि कोणती आतल्या दालनात, हे ठरवणारा जाणता मुनीम हवा. शेताचा उतारा पाहता यावा, यासाठी तो बदलण्याची कळही त्याच दारात टांगण्याचे कारण नाही. गावाच्या पाण्याची पातळी दुरून दिसावी; पण पाणी सोडण्याची चावी दुरून फिरावी काय, याचा विचार दहादा व्हावा. जे जोडाल, त्याचा खरेखोटेपणा दुसऱ्या वाटेने तपासला जाईल अशी सोय आधी हवी. आणि ७५ सेंटचा फरकसुद्धा 'जाऊ द्या' म्हणून सोडायचा नाही. दिसायला सामान्य अशा या तीन गोष्टी. पण वर सांगितलेल्या प्रत्येक आपत्तीत यांतली एक तरी हरवलेली सापडते.

आणि हे केवळ बँकांच्या चालकांनी करायचे काम आहे, असे समजून घरची मंडळी फराळाकडे वळतील, तर त्यांनाही जरा थांबवतो. आज प्रत्येकाच्या खिशातला फोन हा त्याच्या वहीचा दरवाजाच आहे. "मी बँकेतून बोलतोय," "मी पोलीस अधिकारी, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे," असे म्हणणारे तोतये रोज त्या दारावर थाप मारतात. त्यांना तट फोडायचा नसतो. त्यांना आपल्या तोंडून परवलीचा आकडा हवा असतो. कोकणातल्या किल्लेदारांनी जी चूक केली, ती आजीने करू नये. नाव मोठे ऐकले म्हणून कुलूप काढायचे नाही. फोन ठेवावा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा, किंवा सरळ शाखेत जाऊन विचारावे. हुंडी आली की दुसऱ्या पत्राची वाट पाहायची, तसेच हे.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर लाजून घरात बसू नये. वेळ गेला की पैसा हातचा जातो. अशा फसवणुकीची तक्रार तत्काळ नोंदवण्यासाठी सरकारने देशभर एकच दूरध्वनी क्रमांक ठेवला आहे: १९३०. इतर गावच्या लोकांना तो पाठ करावा लागत असेल. सोलापूरकरांना तो पाठच आहे. त्याच साली या गावावर मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना त्याच लढ्यापायी पुढच्या जानेवारीत येरवड्याला फाशी झाली. त्या चौघांनी आपल्यासाठी जे राखले, त्या मानाने आपल्याला राखायचे आहे ते अगदीच थोडे: एक वही, आणि तिच्या दारात उभे राहून 'कोण आहेस?' असे निर्भयपणे विचारण्याची सवय.